जमीन लवकर येते

“बाजूले हो काकी, मी येऊन राहिलो!”

डोक्यावर गवताचा भारा घेऊन दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून जाताना मागून ही हाक आली की मी मुकाट्याने खालच्या बांधीत उतरायची. मग तो शेजाऱ्याचा पोरगा अनवाणी पायांनी जवळून धावत जायचा. धुऱ्याच्या टोकाला उडी घ्यायचा, एक पाय खालच्या बांधीत टेकायचा, आणि तोवर पलीकडे स्टंप म्हणून रोवलेल्या तुराट्या उडालेल्या असायच्या. चेंडू मला कधी दिसला नाही. तुराट्याच दिसायच्या.

आमच्याकडच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, तुम्ही पाहिल्या असतील. पायऱ्यांसारख्या असतात, एकीपेक्षा दुसरी गुडघाभर खाली. कापणी झाली की पोरांचे तेच मैदान. धुरा अरुंद, म्हणून त्याची पावले एका रेषेत पडायची. जोर यायचा तो त्या खाली जाणाऱ्या उडीतून.

तो धुरा त्यांच्या आणि आमच्या शेताच्या मधला. पावसाळ्यात धुऱ्यावर तूर लावायची रीत आहे. तो आईच्या मागे लागायचा, “या धुऱ्यावर तूर नको लावू व माय. खुटं पायाले लागते.”

“मंग वरन का तुया चेंडूचं करू?” आई म्हणायची.

पण तूर आम्ही दोघींनीही लावली नाही. तेवढा धुरा उघडाच राहायचा.

कोणीतरी त्याची गोलंदाजी मोबाईलवर काढली. ती फिरत फिरत एका मोठ्या संघाकडे गेली. गावोगाव दौरे करणारा, खेळाडूंना पगार देणारा संघ. त्यांनी त्याला एका हंगामासाठी बोलावले. जमले तर ठेवू, नाहीतर परत घरी.

पहिल्या महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा मी आणि त्याची आई अंगणात धान पाखडत होतो.

“जेवला का बे?”

“जेवलो. माय, इथं जमीन लवकर येते.”

“म्हंजे?”

“उडी मारली का पाय खाली जातच नाही. जमीन पयलेच येऊन बसली राहते.”

“मंग तिले सांग, थांब म्हना जरासक!” आई हसली. मीही हसले. तिकडून हसू आले नाही.

त्याची टाच सुजली होती. पाय रेषेपुढे पडायचा, चेंडू भलतीकडे जायचा. शिकवणाऱ्याने सांगितले होते की सपाट जमिनीवर टाकता येत नसेल तर पेटी भर. त्यानंतर फोन कमी झाले. एकदा म्हणाला, “डोळे मिटून धावतो आता. मनाशी म्हनतो, इथं खालची बांधी नाही. खाली काहीच नाही. खाली काहीच नाही. रोज म्हनतो.”

मग एके दिवशी, “जमलं, माय.”

त्याला ठेवून घेतले. आईने गल्लीभर गूळ-पोहे वाटले. आम्ही मोबाईलवर त्याचा सामना पाहिला. पांढरे बूट, अनोळखी माणसे. उडी आखूड आणि सपाट. चेंडू तसाच, न दिसणारा.

दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, तो घरी आला. कापणी झाली होती. भरदुपारी पोरांनी त्याला ओढत शेतात नेले. मी खालच्या बांधीत पेंढ्या बांधत होते. हाक आली नाही, नुसते बुटांचे आवाज आले. मी वर पाहिले. तो धावत आला आणि धुऱ्याच्या टोकावर थांबला. चेंडू हातातून सुटून माझ्या पायाशी पडला.

“काय बे, बूट खराब होते का साहेबाचे?” पोरे ओरडली.

तो हलला नाही. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. तो सरळ माझ्या तोंडाकडे पाहत होता.

“काकी, कुठं आहेस व?”

“इथंच तं आहो.”

“आवाज येऊन राहिला. तू दिसून नाही राहिली.” तो अगदी हळू बोलत होता, कोणी झोपले असल्यासारखा. “खाली काहीच नाही, काकी.”

मी हात पुढे केला. त्याने चाचपडत धरला. एवढ्या उन्हात त्याचा हात गार होता. मी ओढले, पण तो उतरला नाही. हात सोडवून मागे मागे, पाठ न फिरवता, सगळा धुरा चालत गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तो निघून गेला.

आता त्याचे चांगले चालले आहे. फोन येतो, पैसे येतात. गावी ये म्हटले की सुट्टी नाही म्हणतो.

त्याच्या आईने धुऱ्याच्या टोकाशी एक सपाट दगड ठेवला. “एकदम नाही उतरवत त्याले,” ती म्हणाली. “मधात पाय ठेवाले जागा झाली तं येईन.” पावसाळ्यात तो दगड चिखलात गेला. तिने त्यावर दुसरा ठेवला. पुढच्या पावसाळ्यात तोही गेला.

यंदाचा दगड आम्ही दोघींनी मिळून उचलून ठेवला. तिने भोवतीची माती चोपली आणि दगडाला कान लावून बराच वेळ बसली.

“तळाले टेकला का व?” तिने विचारले.

मी हो म्हटले.