कोंडीमामांनी न विचारता जोडलेली वायर

कोंडीमामा निळी वायर हातात धरून माझ्या दाराशी उभे राहायचे. "सायेब, हिला कुठं घालू?" भोरच्या एका खासगी कॉलेजात ते कंत्राटी शिपाई होते आणि मी नेटवर्क सांभाळायचो. माणूस गुंजवणे गावाच्या वरच्या धनगरवाड्यातला. टेबलं हलवली की सुटलेल्या वायरी जोडायचं काम त्यांचं, पण विचारल्याशिवाय एकही जोडत नसत. म्हणायचे, "शेरडं मोजल्याबिगर वाडग्याचं दार लावू न्हाई."

मला त्याचा वैताग यायचा. एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणालो, "मामा, शेरडूसुद्धा आपलं दावं ओळखतं. तुम्हाला तेवढंही येईना?" सगळे हसले. मामाही हसले. "ते बी खरंच," म्हणाले. त्यानंतर ते विचारायला आले नाहीत.

सगळ्या वायरी ज्या डब्यात येतात तो स्विच. एकाच वायरीची दोन्ही टोकं त्यात खोचली, तर निरोप गोल गोल फिरत वाढत जातात आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क तुंबतं. स्विचमध्ये यावर बंदोबस्त असतो. आपलाच निरोप उलटून आला, की तो ती जागा आपोआप बंद करतो. मामा नवे असताना त्यांच्याकडून एकदा तसं झालं होतं, तेव्हा नुसता स्विचवरचा दिवा पिवळा झाला, बाकी काही बिघडलं नाही. पण या बंदोबस्तामुळे कॉम्प्युटर जोडल्यावर अर्धा मिनिट थांबावं लागे. शिक्षक कुरकुरत. त्यावर सरळ उपाय होता, मी आळस केला. बंदोबस्तच काढून टाकला.

ऑनलाइन परीक्षेच्या सकाळी मामांनी टेबलाखाली लोंबणारं टोक स्विचमध्ये खोचलं. दुसरं टोक आधीच तिथं होतं. तिन्ही लॅब बंद पडल्या. मुली रडायला लागल्या. मला वायर सापडली. ती काढली, माझ्या खोलीत जाऊन बंदोबस्त गुपचूप पुन्हा चालू केला आणि मगच वायर घेऊन प्राचार्यांकडे गेलो. हे कॉलेजात आजही कुणाला माहीत नाही.

"कुणी सांगितलं होतं हात लावायला?" मामांना स्टाफरूममध्ये बोलावून प्राचार्य सगळ्यांसमोर ओरडले. मामांना पुढच्याच महिन्यात कायम करणार होते. त्या भरवशावर त्यांनी लेकीला शिकायला भोरात आणलं होतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सायेब, मागं नुसता दिवा पिवळा झाला हुता. आज का न्हाई झाला?"

मी म्हणालो, "आता तुम्ही मला शिकवणार?"

पुन्हा सगळे हसले. दुपारी मामांचं काम गेलं.

चार वर्षांनी धीर करून मामांच्या धनगरवाड्यावर गेलो. मामांचं काम गेलं तेव्हाच लेकीचं शिक्षणही सुटलं होतं. मामांनी घोंगडी अंथरली, चहा दिला. मी सगळं सांगून टाकलं.

"ते मला तवाच ठावं हुतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलाल म्हणून थांबलो. कालेजाच्या फाटकाभाईर बी दोन दिस बसलो हुतो. लेक इचारायची, आबा, कोन येनार हाय?"