दाणा दोनदा बोलते

फोरमनकाका माझ्या खोलीत पहिल्यांदा आले तेच हातात स्क्रू पिळायचा वीतभर पेचकस घेऊन. मी अमरावतीच्या एका कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते आणि त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. नमस्कार-चमत्कार काही नाही. त्यांनी पेचकसाचं टोक माझ्या कूलरला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि सांगितलं, "बेअरिंग रडून राह्यलं, बाई. हप्ताभराचा पाहुणा हाय." पुढं कित्येक उन्हाळे तो कूलर बिनतक्रार चालला. पण काकांच्या निदानावर शंका घ्यायची आमच्या गल्लीत पद्धत नव्हती.

धामणगाव रेल्वेच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी उभा जन्म काढला होता. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांच्या खडखडाटात कुठलं यंत्र कुरकुरतंय हे आपण फाटकातून शिरतानाच ओळखायचो, असं ते सांगत. मग कापसाचे वाईट दिवस आले. कापसाच्या गाड्या येईनाशा झाल्या, जिनिंगला कुलूप लागलं आणि काका-काकू अमरावतीच्या घरी येऊन बसले. बसले म्हणजे आपलं म्हणायला. घरातलं प्रत्येक चालतं यंत्र काकांनी एकदा तरी उघडलं. काकू म्हणायच्या, "मले बटन नाही, म्हून वाचली मी."

अशा माणसाला परदेशातल्या लेकीनं, सुनंदानं, घरी ब्रेड करायचं मशीन पाठवलं. पहिला ब्रेड काकूंनी ओट्यावर आपटून पाहिला आणि म्हणाल्या, "भिंतीत बसवा." काकांना मात्र कॉफीचं वेड. जिनिंगमध्ये यंत्रं बसवायला आलेल्या दक्षिणेकडच्या एका इंजिनिअरनं ते लावलेलं. ओळखीचा एकजण चिखलदऱ्याहून हिरव्या, कच्च्या बिया आणून देई. ब्रेडची कणीक आपोआप मळणारं हे मशीन कॉफीच्या बियाही ढवळेल, हे काकांनी ताडलं. वर लोखंडी पट्टीला, जुना रंग काढायला वापरतात ती गरम हवेची बंदूक उलटी टांगली. भाजलेल्या बिया गार करायला जुन्या कूलरचा पंखा. रविवारी सकाळी अंगणात हे सगळं घरघरू लागलं की वासानं लोकांच्या सायकली आमच्या फाटकाशी थांबत.

भाजण्याचं त्यांचं शास्त्र छोटंसं होतं. "दाणा दोनदा बोलते. पयल्यांदा बोलला का सावध, दुसऱ्यांदा बोलला का बंद." पहिला आवाज लाही फुटल्यासारखा, दुसरा अगदी बारीक, मोहरी तडतडावी तसा. मी एकदा म्हटलं, रंग बघून बंद करा ना, काका. ते दुखावलेच. "रंग पायते तो आचारी, बाई. आवाज आयकते तो फोरमन."

एका पावसाळ्यात मशीनचा पट्टा तुटला. माझं माहेर अकोल्याचं. तिथल्या रहीमभाईंच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानातून मी मापाचा पट्टा आणला, काकांनी तो बसवला आणि तेव्हापासून कॉफी करपू लागली. "पट्टा घसरून राह्यला," पेचकस कानाला लावून काकांनी जाहीर केलं. दुसरा पट्टा आणला. करपली. मग बेअरिंगला, जिनिंगवाल्याच्या इमानानं, सरकीचं तेल पाजलं. त्या रविवारी कॉफीला भज्यांचा वास आला, आणि करपली ती करपलीच.

दिवाळीला सुनंदा लग्नानंतर पहिल्यांदाच जावयाला घेऊन येणार होती. तुझ्याच मशिनीतली कॉफी पाजीन, असा काकांनी तिला फोनवर शब्द दिला होता. दिवाळी जवळ आली तसे ते बोलेनासे झाले. "जिनिंग बंद पडली तवाबी असे बसले नव्हते," काकू म्हणाल्या. एका संध्याकाळी काका मला म्हणाले, "एवढूशी मशीन, बाई, अन् मायं आयकत नाही." दुसऱ्याच दिवशी अख्खं मशीन मांडीवर घेऊन मी अकोल्याच्या बसमध्ये बसले.

माझ्याकडून सगळी हकिगत ऐकत रहीमभाईंनी ते चालवलं, थांबवलं, पुन्हा चालवलं. "बेटी, मशीन तो एकदम झक्कास है. पट्टा बी सही है. चाचा को मालूम कैसे पडता, के भुन गया?"

"आवाज ऐकून," मी म्हटलं.

रहीमभाईंनी मशीन बंद केलं. "और जिनिंग में कित्ते साल थे?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मशीन धड होतं. जिनिंगच्या खडखडाटानं काकांचे कान हळूहळू खाल्ले होते, आणि आता दाण्याचं दुसरं, बारीक बोलणं त्यांच्यापर्यंत पोचेनासं झालं होतं; पट्टा नेमका त्याच सुमारास तुटला, एवढंच.

परत आल्यावर मी काकूंना गाठून हे सांगितलं. त्या शांतपणे तूर निवडत होत्या. "मले तं कवाचं मालूम हाय. आमच्या टीव्हीवरच्या बातम्या अख्खी गल्ली आपापल्या घरात बसून आयकते."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"काय सांगू? ज्या माणसानं जनमभर कानाचीच भाकर खाल्ली, त्याले?"

कॉफीला 'जळकं पाणी' म्हणणाऱ्या काकू त्या रविवारी सूप घेऊन, पाट टाकून काकांच्या शेजारी बसल्या. बिया लाह्यांसारख्या फुटल्या, काकू पाखडत राहिल्या. मग ती बारीक तडतड सुरू झाली आणि त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. काकांनी त्या हाताकडं पाहिलं. मग काकूंकडं. मग बटन बंद केलं. बिया तांबूसकाळ्या, तकतकीत निघाल्या. "सुधरली मशीन," काका मला म्हणाले, पण माझ्याकडं न बघता.

दिवाळीत जावई मागून मागून कॉफी प्यायले. सुनंदाला मात्र एका दिवसात सगळं कळलं. जायच्या आधी तिनं बापाला दवाखान्यात नेलं आणि कानात घालायचं यंत्र घेऊन दिलं. काकांना कुठलंही यंत्र प्रियच. बाजारात, लग्नात ते घालून मिरवू लागले. टीव्हीचा आवाज उतरला आणि गल्लीची बातम्यांची सोय गेली.

पुढं मला अकोल्याच्या कॉलेजात नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी रविवार होता. निरोप घ्यायला खाली उतरले तर काका मशीन लावत होते. बंदूक सुरू करण्याआधी त्यांनी कानातलं यंत्र काढलं, फडक्यानं पुसलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

"काका, अहो, आत्ताच तर ते हवं ना!"

काकांनी स्वयंपाकघराकडं नजर टाकली आणि कुजबुजले, "ह्याच्यातून दाण्याचे दोन्ही आवाज आयकू येतेत, बाई. मंग तुयी काकू इथं कायले येऊन बसन?"

यंत्र खिशात होतं, त्यामुळं ती कुजबूज पार रस्त्यापर्यंत गेली. काकूंनीही ऐकली. सूप घेऊन त्या बाहेर आल्या, मला म्हणाल्या, "जपून जाय, पोरी," आणि पाट नेहमीपेक्षा जरा जवळच टाकला.