सहाच्या जागी दहा

काका दिसायला अगदी काडीपैलवान. शर्टाच्या आत माणूस आहे की नुसता हँगर, असा प्रश्न पडावा. तरीही सगळी गल्ली त्यांना जाडेकाका म्हणते. नव्या माणसाला वाटतं आडनावच जाडे असेल. तसं नाही. काका पेशाने वायरमन, आणि नाव पडलं ते त्यांच्या वायरीवरून. जिथे बारीक वायरवर भागतं तिथे काका मधली घालणार, आणि मधली पुरत असेल तिथे जाड. एकीच्या दाराच्या घंटीला त्यांनी जी वायर ओढली ती पाहून शेजारणीने विचारलं होतं म्हणे, "काका, घंटी वाजवायचीय की ट्रक ओढायचाय?"

"वाजते ना? तापत नाही ना? मग झालं तर!" काकांनी शिडीवरूनच ऐकवलं.

यात लबाडी नव्हती हो. उलट, जितकी माया जास्त तितकी वायर जाड, असा काकांचा हिशोब. तोंडाने गोड बोलणं त्यांना जन्मात जमलं नाही. काकू तर चारचौघांत सांगतात, "लग्न झाल्यापासून 'कशी आहेस' म्हणून एकदा विचारलं असेल तर शपथ. पण माझ्या इस्त्रीच्या प्लगामागे जी वायर घातलीय ना, तिच्यावर पिठाची गिरणी चालेल!"

तर अशा या काकांच्या एकुलत्या एका लेकीने नवीन घर घेतलं. स्वयंपाकघरात विजेची शेगडी बसवायची ठरली, काळ्या काचेची, चार चुलींची. लेकीने काकांना बोलावून घेतलं आणि ओट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, शेगडी तुम्हीच बसवा. पण एक अट. लागते तितकीच वायर घालायची, उगाच जाड नाही. खालचं कपाट मापात बनवून घेतलंय. हे नीट झालं तर दिवे, पंखे, गीझर, सगळं घर तुमच्याकडे. नाहीतर खालच्या मजल्यावर एक वायरमन राहतो, त्याला सांगेन."

हसत हसतच म्हणाली, पण काकांनी ते खरंच धरलं. परका माणूस येऊन आपल्या पोरीच्या भिंती खोदणार?

त्यांनी हिशोब केला, आणि अगदी चोख केला. शेगडीच्या पोटाखाली चिकटवलेली पट्टी चष्मा पुसून वाचली. चारही चुली एकदम लावल्या तर सात किलोवॅट. म्हणजे तीसेक अँपिअर. मेन बोर्ड स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच, त्यामुळे अंतर किरकोळ. चार एमएमची वायर घातली तर रोज तापणार, रबर कडक होणार, आणि एक दिवस वास सुटणार. सहा एमएम बरोबर. शंकेला जागाच नव्हती.

दुकानदारानेही विचारलं, "सहाच ना, काका?"

आणि काकांच्या तोंडून निघालं, "दहा."

"शेगडी बसवताय की सबस्टेशन?"

"लेकीकडे बसवतोय," काका म्हणाले. "म्हणूनच दहा."

दुसऱ्या दिवशी लेकीच्या घरी पाहतात तर विहीणबाई हजर. बाई शिवणकामात पटाईत, खिडक्यांचे पडदे शिवायला हातमशीनसकट येऊन बसलेल्या. काका आणि विहीणबाई म्हणजे विळ्याभोपळ्याची मोट. वायरचं वेटोळं पाहताच त्यांनी तोंडातली टाचणी काढली. "अजगर कुठून धरून आणलात, व्याही?"

"तुम्ही आपले पडदे बघा."

मेन बंद करून काकांनी वायर पाइपात सारायला घेतली. पहिल्या वळणाला अडली, दुसऱ्याला रुसली. घाम गाळत, पावडर लावत, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्यांनी ती ओट्यापर्यंत आणली. खरी मजा पुढे. भिंतीतल्या डब्यात स्विच जोडला, पण ताठर वायर त्याला मागून ढकलत राहिली. स्क्रू आवळला तरी स्विचची पट्टी भिंतीतून जीभ काढल्यासारखी बाहेर. ते राहू दे म्हणून काका कपाटात डोकं घालून शेगडीच्या जोडणीकडे वळले. तिथली भोकं सहा एमएमच्या मापाची. दहाची तार आत जाईना. फिरवून पाहिली, दाबून पाहिली. उंटाला सुईच्या भोकातून न्यायचा प्रकार.

आता या धंद्यात एक वाट सगळ्यांना ठाऊक असते. वायरीत तांब्याचे सात पदर असतात. त्यातले तीन टोकाशी छाटले की उरलेली तार गुपचूप आत जाते. वरून काही म्हणता काही दिसत नाही. पण जाड वायर टोकाशीच बारीक झाली की सगळा ताप त्या एका ठिकाणी जमतो. असं छाटणाऱ्यांना काकांनी आयुष्यभर शिव्या घातलेल्या. मधे सांधा घालून पुढे सहाची जोडता आली असती, पण कपाटामागे दडलेला सांधा म्हणजे दडवून ठेवलेलं भांडण, कधी उपटेल सांगता येत नाही.

बाहेर लेक विचारत होती, "बाबा, झालं का?"

"होतंय, होतंय," काका म्हणाले, आणि पक्कड हातात घेतली.

चूक कबूल करायची म्हणजे आधी लेकीसमोर, आणि त्याहून वाईट म्हणजे विहीणबाईंसमोर. वर सगळं घर त्या खालच्या वायरमनच्या घशात. छाटलं तर कुणाला कळणार होतं? पक्कड पहिल्या पदरावर टेकली. तेवढ्यात काकांच्या डोक्यात आलं, या जोडणीच्या वर, एका काचेच्या अंतरावर, रोज सकाळी पोरीचे हात असणार.

काका कपाटातून मागे सरकत बाहेर आले. केसांत भुसा, नाकावर काळा डाग.

"पोरी, चुकलो. सहा हवी होती. मी दहा घातली. बसत नाही."

शिलाई मशीन थांबलं. लेकीने कमरेवर हात ठेवले. "मी अट घातली होती ना, बाबा?"

"घातली होतीस."

"मग?"

"हिशोब सहाचाच आला होता गं. दुकानात गेलो आणि..." काका पकडीची उघडझाप करत राहिले.

विहीणबाईंना एवढी आयती संधी चालून आलेली. पण त्या काकांकडे न बघता सुनेला म्हणाल्या, "बापाच्या हातचं माप असंच असतं. माझे वडीलसुद्धा माझे फ्रॉक दोन मापं मोठे शिवायचे. म्हणायचे, पोर वाढेल."

"मी वाढून झालेय हो, आई," लेक म्हणाली. म्हणताना तिला हसू फुटलं, आणि हसता हसता, पदर नव्हता म्हणून तिने डोळ्यांना बाही लावली. "चला बाबा. उपसा तो अजगर."

सहाची वायर आणली. दहाच्या टोकाला सहाचं टोक बांधलं. लेकीने बोर्डाकडून जुनी ओढायची, काकांनी ओट्याकडून नवी सोडायची. "हळू गं... थांब... आता ओढ!" पाइपातून नवी वायर अशी सरसर गेली की काकांना स्वतःचाच राग आला. स्विचची पट्टी भिंतीला चपखल बसली. जोडणीच्या भोकात तार गेली, स्क्रू आवळला, तार ओढून पाहिली. हलेना.

मग मेन चालू केला आणि चार चुलींवर पाण्याची चार पातेली चढली. पाणी खळाखळा उकळलं, स्वयंपाकघरात वाफच वाफ झाली, तरी काका बंद करू देईनात. बऱ्याच वेळाने त्यांनी स्विचच्या पट्टीला हात लावून पाहिला आणि लेकीचा हात धरून तिथे टेकवला.

"तापलीय का?"

"छे! गारच आहे की."

"मग बरोबर आहे," काका म्हणाले.

"तर मग उद्यापासून दिवे आणि पंखे घ्या करायला," लेक म्हणाली. काकांचा चेहरा असा उजळला की विहीणबाईंनी आपलं हसू पडद्याआड लपवलं. "फक्त एक. वायर मी आणून ठेवणार. तुम्ही दुकानाची पायरी चढायची नाही."

काकांनी मान डोलावली. पायात चपला सरकवल्या, दारापर्यंत गेले, घुटमळले.

"आणशील ती आण. पण गीझरचं आपण दोघं मिळून ठरवू हं!"

"बाबा!"

काका जिना उतरू लागले होते.