जयसिंगराव मान्यांचा बीटा

जयसिंगराव माने यांना चालू असलेल्या वस्तूचा भरवसा वाटत नाही. बंद पडलेल्या वस्तूबद्दल त्यांची तक्रार नसते. ती निदान उघडता येते. बडोद्यात, हरणीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मिक्सर, गीझर आणि दाराची बेल यांची वर्षाकाठी तपासणी होते, आणि त्यानंतर काही दिवस पाहुण्यांना दार ठोठावावे लागते. "आमच्याकडे वस्तू बिघडत नाहीत, सर्व्हिस होतात," असे योगिनीबाई शेजारणीला सांगतात. नवऱ्याच्या देखत सांगतात.

पादरा गावाच्या रस्त्यावर रंगाची रसायने बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या सगळ्या पंपांची देखभाल जयसिंगरावांकडे. घराणे बडोदे संस्थानच्या फौजेतले. खंडेनवमीला शस्त्रे सुटी करून, पुसून, तेल लावून पुजायची घरची रीत. फौज गेल्यावर जयसिंगरावांनी ती पंपांकडे वळवली. नवमीच्या आधी दोन दिवस कारखाना बंद असतो. तेवढ्यात एकूण एक पंप उघडायचा, धुवायचा, गळती अडवणारे सील नवे बसवायचे, आणि मगच झेंडूचा हार. "न उघडता हळदकुंकू वाहणं म्हणजे बिनआंघोळीच्या नवरदेवाला बाशिंग," हे त्यांचे म्हणणे. गुजराती सहकाऱ्यांनी हा मराठ्यांचा धर्म असावा असे धरून कधी हरकत घेतली नाही. पुढे दिवाळीपर्यंत काही पंप गळायचे. सणासुदीत माणसांचे लक्ष नसते, हे त्याचे सर्वमान्य कारण होते.

यंदा नवे मॅनेजर आले, पीयूषभाई. त्यांना रीत आवडली, पण खर्च आवडला नाही.

"जयसिंगभाई, सगळेच पंप खोलायचे? पण शा माटे? कशासाठी?"

"पद्धत आहे."

"पद्धत सरस आहे. आता डेटा लावो."

कंपनी त्या सुमारास जाणत्या लोकांना रविवारच्या एका क्लासला धाडत होती: संभाव्यता, संख्याशास्त्र आणि यंत्रांची विश्वासार्हता. पीयूषभाईंनी जयसिंगरावांचे नाव घातले आणि प्रकल्पाचा विषयही ठरवून टाकला. पंप उघडण्याच्या बाजूने आकडे आले तर नवमी नेहमीसारखी. नाही आले तर ही रीत कायमची बंद.

फतेगंजातल्या त्या वर्गात बाकीचे सगळे त्यांच्या मुलीच्या वयाचे. शिकवणाऱ्या शिवांगीबेनही. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, "नाण्याचा सलग दहा वेळा छापा पडला, तर अकराव्यांदा काय?"

"नाणं तपासायला पाहिजे," जयसिंगराव म्हणाले.

"अंकल, नाणं चांगलं आहे असं धरा ना."

"कोणी तपासलं?"

वर्ग हसला. शिवांगीबेन हसल्या नाहीत. त्यांनी पुढचे दोन रविवार याच प्रश्नावर शिकवले.

मग वायबुलचा आलेख आला आणि जयसिंगराव खुर्चीत पुढे सरकले. बिघाड किती तास चालल्यावर झाले हे त्या कागदावर मांडायचे, त्यातून रेघ ओढायची, आणि रेघेच्या चढावरून बीटा नावाचा आकडा काढायचा. बीटा एकाहून मोठा असेल तर वस्तू वयाने थकते. वेळीच बदललेली बरी. एकाहून लहान असेल तर ती नवी असतानाच दगा देते. जी टिकली तिला हात लावू नये. जयसिंगरावांच्या सगळ्या नवम्या या एका आकड्यावर येऊन उभ्या होत्या.

त्यांनी सीलच्या बिघाडांच्या नोंदी घेतल्या, रेघ ओढली. बीटा एकाहून मोठा आला. सोमवारी सकाळी त्यांनी स्टोअरला नव्या सीलची मागणी धाडली आणि योगिनीबाईंना न मागता चहा करून दिला.

"काय बिघडलं?" बाईंनी विचारले.

पुढच्या रविवारी शिवांगीबेननी आलेख पाहिला. "छान. पण यात न बिघडलेले पंप कुठायत?"

"ते चालू आहेत. त्यांची काय नोंद करायची?"

"किती तास चालले, अजून बिघडले नाहीत, हीच नोंद. तुम्ही फक्त मेलेल्यांची वयं मोजलीत, अंकल. अशानं सगळं गाव अल्पायुषी ठरेल."

कारखान्यात चालत्या पंपाबद्दल कुणी काही लिहून ठेवत नाही; तक्रार नसलेल्या गोष्टीला आपल्याकडे कागद नसतो. जयसिंगरावांना आठवून काढावे लागले. मागच्या शेडमधली रांग होती. हर्नियाच्या ऑपरेशनच्या वर्षी ते इस्पितळात होते आणि त्या रांगेला कुणी हात लावला नव्हता. नंतर मुलीच्या लग्नात ती पुन्हा राहिली, आणि मग राहतच गेली. ते पंप तेव्हापासून चालूच होते. इतके गुमान, की जयसिंगरावांच्या मनातूनही उतरले होते.

ते तास मिळवल्यावर रेघ आडवी होत गेली. बीटा शून्य पॉइंट सात.

त्यांनी पुन्हा केले. पेन्सिल बदलली. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर केले. पॉइंट सात. म्हणजे सील जुने होऊन जात नव्हते. ते उघडून बसवल्याने जात होते. दिवाळीतली गळती माणसांच्या बेसावधपणाची नव्हती, नवमीच्या सावधपणाची होती.

पहिला आलेख अजून बॅगेत होता, आणि पीयूषभाईंना न बिघडलेल्या पंपांबद्दल विचारायचे सुचले नसते. जयसिंगराव कमाटीबागेत फेऱ्या मारत राहिले. बाकावर बसायचे, उठायचे, पुन्हा दुसऱ्या बाकावर. सोमवारी त्यांनी दुसरा आलेख दिला. प्रामाणिकपणा म्हणायला हरकत नाही. पण पहिल्या आलेखात काय बिघडलेय ते दिसल्यावर तो तसाच ठेवून देणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"एम? असं? म्हणजे खोलायचे नाहीत?" पीयूषभाई खूश झाले. "तमे तो कमाल करी, जयसिंगभाई!"

"नाहीत," एवढेच जयसिंगराव म्हणाले, आणि सीलची मागणी रद्द केली.

नवमीला न उघडलेल्या पंपांना हार पडले. जयसिंगरावांनी पूजा केली. हात मागे बांधून आरतीला उभे राहिले, म्हणून टाळ्या वाजवायच्या राहिल्या.

दसऱ्यानंतर आठवडाभरात एक पंप गळला. न उघडलेला. पीयूषभाईंचा फोन आला तेव्हा जयसिंगराव त्याच पंपाशेजारी होते.

"जयसिंगभाई, वरून विचारतायत. आपण बाकीचे खोलून घेऊ ने? सेफ साइड."

"नको."

"पण आ एक तो गयो!"

"कमी जातील असं म्हटलं होतं. जाणार नाहीत असं नव्हतं म्हटलं."

"तमे श्योर छो ने?"

"श्योर नाही. बीटा पॉइंट सात आहे."

"मग लेखी द्या. तुमच्या सहीनं."

"देतो."

फोन ठेवून त्यांनी गळका पंप उघडवला, नवे सील बसवून घेतले. मग शेजारच्या पंपाच्या अंगावर तळहात ठेवला. आवाज किंचित वेगळा वाटला. ते पुढच्या पंपाकडे गेले, तिथेही वेगळा वाटला. रांगेच्या टोकापर्यंत जाऊन ते ऑफिसकडे वळले, सहीचा कागद लिहिला, देऊन टाकला, आणि पाण्याचा पेला तसाच ठेवून पुन्हा शेडकडे निघाले. नुसते ऐकायला.