उन्हाळ्यात आलेला मफलरचा निरोप

निघालो त्या दिवशी सातपूरच्या आमच्या कॉलनीतली निम्मी गल्ली टॅक्सीभोवती जमली होती. माझे वडील, आण्णा, पहिल्या पाळीला दांडी मारून थांबलेले, अंगावर मात्र कारखान्याचाच शर्ट. आईला माझं काम कधी पटलंच नाही. "इथल्या पावसाचं धड सांगता येईना कोणाला, अन् तू सूर्याचं काय सांगणार?" असं म्हणून ती हसली आणि लगेच तिने पदर डोळ्यांना लावला.

मी फिनलंडला आलो. इथे आमचा गट अंतराळातल्या हवामानाचा अंदाज वर्तवतो. सूर्यावर वादळ उठलं की इकडे उपग्रह भरकटतात, विमानांचे रेडिओ बंद पडतात. संगणकातलं मॉडेल पुढचे तास मांडत राहतं. मग उपग्रहांकडून ताजी मोजमापं येतात आणि कशावर किती भरवसा ठेवायचा हे ठरवून आम्ही मॉडेलला पुन्हा वाटेवर आणतो. याला डेटा असिमिलेशन म्हणतात. मोजमापं थांबली तरी मॉडेल थांबत नाही, ते छातीठोकपणे आकडे देत सुटतं. आणि शिळं मोजमाप ताजं म्हणून आत शिरलं तर विचारूच नका.

घराचंही माझ्या डोक्यात असंच एक मॉडेल चालायचं: आई ओट्याशी, आण्णा पाळीवर, सगळं जिथल्या तिथे. आईचे व्हॉइस मेसेज यायचे. "जेवलास का रे? फ्रीजमधलं शिळं खाऊ नको." तेवढं ऐकून मी निश्चिंत. फोन केला तर आण्णा म्हणायचे, "जयभीम. आई बाजारात गेली. बरी हाय." त्यांच्या फोनचा कॅमेरा म्हणे बिघडला होता.

ऐन उन्हाळ्यात, इथे धड अंधारही पडत नाही अशा दिवसांत, आईचा मेसेज आला. "बर्फ पडत आसंल. कानाला मफलर गुंडाळ." मला आधी हसू आलं. मग तो मी पुन्हा ऐकला. मी फोन लावला आणि म्हटलं, "आण्णा, आईला द्या." "आई बाजारात..." एवढंच ते बोलले. मग ज्यांना जन्मात रडताना पाहिलं नव्हतं, ते आण्णा रडायला लागले.

आईच्या घशात कॅन्सर निघाला होता. ऑपरेशनमध्ये आवाज जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिने आण्णांचा फोन मागून घेतला आणि बसून मेसेज बोलून ठेवले. थंडीचे, भीमजयंतीचे, मी आजारी पडलो तर, माझं लग्न ठरलं तर. "त्याची नोकरी पक्की होईस्तोवर कळू द्यायचं नाय," ही तिचीच ताकीद. आण्णा बिचारे अधूनमधून एकेक पाठवत होते. त्या दिवशी त्यांचा क्रम चुकला, एवढंच.

परदेशी गेलेल्याला वाईट कळवायचं नाही, त्याच्या जिवाला घोर नको, ही आपली रीत. मला या रीतीची आता चीड येते.

मी पोचलो तेव्हा आई ओळखू येईना. मला पाहताच तिने आण्णांकडे रागाने बघितलं. मग माझा हात धरला. ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि लिहायला ती कधी शिकली नव्हती. मी अंदाजाने काहीबाही बोलायचो, ती मान हलवून नाही म्हणायची. तिला काय सांगायचं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. महिन्याभरात ती गेली.

परत निघताना आण्णांनी विचारलं, "अजून लय उरलेत तिचे. पाठवत जाऊ का?"

"नको. तुमचे पाठवा," मी म्हटलं. "आणि खरं सांगा."

ते आता खरं सांगतात. "आज भाकरी करपली. गुडघा लय दुखतो. घर खायला उठतं." ऐकवत नाही, तरी मी पूर्ण ऐकतो. तुमच्यातले जे घरी मागे राहिलेत त्यांनीही आम्हा परदेशी गेलेल्यांना असंच कळवत जावं. जिवाला घोर लागला तर लागू द्या. माझं घर म्हणजे आता सातपूरहून येणारी ताजी वाईट बातमी, एवढंच उरलं आहे.