सुभेदारांची हजेरी

आमच्या गावचे निवृत्त सुभेदार हुकूम हिंदीत सोडतात आणि शिव्या मालवणीत देतात. चहाच्या टपरीवरसुद्धा ते पाठ भिंतीला लावून, रस्त्याकडे तोंड करूनच बसतात. सैन्यभरतीला जाणाऱ्या मुलामुलींना ते शाळेच्या मैदानावर फुकट शिकवतात. तीन दिवस कवायत, आणि तीन दिवस शेजारच्या काजूच्या बागेत लपणं, सरपटणं.

या सरपटण्याबद्दल शाळा समितीकडे तक्रार आली. ते बंद करा, नाहीतर मैदान सोडा, असं पत्र द्यायचं ठरलं. समितीत पदवीधर मी एकटाच, आमच्या घराण्यातलाही पहिलाच. पत्र मीच लिहिलं आणि ऐटीत घेऊन गेलो.

मैदानावर मुलं एका ओळीत उभी होती, अगदी सुतात. मी म्हटलं, "सुभेदार, एवढंच शिकवा की. ते रान कशाला?"

"रांगेत येता त्या शत्रूक रांगेन अडवूचो. झाडीत लपलेलो काय तुका पत्र धाडून येतलो, रे सायबा?" ते मिशीत हसले. "पोरां किती आसत, मोज बघूया."

मी मोजली. "अठरा."

"हजेरीक वीस आसत."

मी वळलो. चार पावलांवर माझी स्कूटर होती. तिच्यामागच्या गवतातून दोन मुली उठल्या. एकीच्या खांद्यावर स्कूटरला अडकवलेली माझी पिशवी होती, पत्रासकट.

मैदान द्यावं आणि दोन्ही शिक्षणं चालू राहावीत, असं मी समितीला कळवलं. अध्यक्षांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "तुम्हीच एकदा जाऊन बघा. फक्त पिशवी घरी ठेवून जा."