होस्टेलच्या नकाशातली रेघ

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. दुकानाला लिंबू-मिरचीसुद्धा कधी बांधली नाही मी. बांधणाऱ्यांना तोंडावर हसते. त्यामुळे "मॅडम, एकदा वास्तू दाखवून घ्या" असल्या कॉमेंट इथं कुणी टाकू नका... डोकं फिरतं माझं.

लातूरला माझं डीटीपीचं दुकान आहे. क्लासेस वाढले तसं आमचंही काम वाढलं. निकाल लागला की बॅनर, ॲडमिशन सुरू झाल्या की प्रॉस्पेक्टस. डिझाईन मी कोरल सॉफ्टवेअरमध्ये करते आणि छपाईला फाईल नांदेडला रफिकभाईंच्या प्रेसला पाठवते. त्यांच्याकडं सॉफ्टवेअर जुनं, म्हणून प्रत्येक फाईल ईपीएस या जुन्या फॉरमॅटमध्ये करून द्यावी लागते. त्याआधी मराठी अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे अक्षरांचं चित्रच करून टाकायचं. नाहीतर तिकडं भलतंच काहीतरी उमटतं. हे सगळं मी डोळे मिटूनही करीन.

एका वर्षी एका क्लासचं प्रॉस्पेक्टस आलं. त्यांनी होस्टेलवर नवा मजला चढवला होता, त्याचा नकाशा आत छापायचा होता. इंजिनिअरनं दिलेली ऑटोकॅडची फाईल मी कोरलमध्ये घेतली, रंग भरले, खोल्यांना नंबर टाकले. त्याच मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत माझी भाची राहायची, पल्लवी. मोठ्या ताईनं तिला उमरीहून डॉक्टरकीच्या तयारीला पाठवलेली, माझ्या भरवशावर. माझ्या घरी का राहिली नाही म्हणाल, तर मावशीच्या प्रिंटरची घरघर चालते म्हणे, अभ्यास होत नाही!

फाईल पाठवली आणि रफिकभाईंचा फोन आला.

"ताई, नकाशात एक रेघ येऊन राहिली. ठेवू का काढू?"

"कसली रेघ?"

"कोपऱ्याच्या खोलीत. दारापासून खिडकीपर्यंत. वाकडीतिकडी हाय."

फॉरमॅट बदलताना अशा फालतू रेघा येतात, त्यात नवल नाही. मी माझी फाईल उघडली. रेघ होती... केसासारखी बारीक. डिलीट केली, परत ईपीएस केली, पाठवली. परत फोन. रेघ तिथंच! मग पीडीएफ करून पाहिली, तरी तेच. शेवटी चिडून कोरी फाईल घेतली आणि नकाशा हातानं नव्यानं काढला. भिंती, दारं, खिडक्या, एकही जुनी रेघ उचलली नाही. एक्सपोर्ट केली, उघडली — त्याच खोलीत, दारापासून खिडकीपर्यंत, तशीच.

मी रफिकभाईंना फोन लावून सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "ताई, रागावू नका. भूकंप झाला तवा मी तिकडं भाकरी वाटायला गेलतो. अशी रेघ मी कागदावर न्हाई बघितली कधी. भिंतीवर बघितली हाय."

मीही बघितली आहे. आमचं गाव औसा तालुक्यातलं, भूकंपात घर गेलं तेव्हा मी शाळेत होते. त्याबद्दल जास्त लिहवत नाही. पण तेव्हापासून कुठल्याही नव्या घरात गेले की माझी नजर आधी वर जाते, स्लॅबकडं.

होस्टेलच्या सरांना फोन लावला. आता त्यांना सांगायचं काय? "वरची कोपऱ्यातली खोली एकदा तपासून घ्या," एवढंच म्हणाले. तर म्हणतात, "मॅडम, तुम्ही नकाशा छापा. इंजिनिअरकी आम्हाला शिकवू नका." मी फोन आपटला, दुकान उघडं टाकलं आणि स्कूटी काढली. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. लोक काय म्हणतील याची लाज वाटत होती, आणि भीती तर इतकी की सिग्नलसुद्धा दिसला नाही.

खोलीत गेले. पोरी पलंगावर पेपर सोडवत बसलेल्या, पल्लवी आणि तिची रूममेट. मी वर पाहिलं. स्लॅब पांढराशुभ्र, नवा रंग. रेघ तर सोडाच, पोपडासुद्धा नाही.

"मावशी, काय झालं गं? घामाघूम झालीस."

"खाली चला दोघी. आत्ता."

"अगं, उद्या टेस्ट हाय. काहीतरीच काय!" वर हसली. "भूकंपवाली मावशी" म्हणून ती मला नेहमी चिडवायची.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "तुझी आई आलीय. गेटवर उभी हाय."

"आई? खरंच?" चप्पल न घालता पोरगी धावली. दुसरीच्या दंडाला धरून मी तिला ओढतच जिन्यानं खाली आणलं. गेटवर पल्लवी इकडंतिकडं बघत होती. "कुठाय आई?" तिनं विचारलं, आणि माझ्याकडं रागानं वळली.

तेवढ्यात वर धाडकन आवाज झाला. मग जिन्यावरून पाणी आलं, गढूळ, सिमेंटचं. गच्चीवरच्या टाक्यांसकट स्लॅब त्या खोलीत उतरला होता, दोन्ही पलंगांवर. इतर खोल्यांतल्या पोरी रडत खाली आल्या. नशीब, कुणाला काही झालं नाही. वर जाऊन आलेला वॉचमन सांगत होता, दारापासून खिडकीपर्यंत वाकडातिकडा फाटलाय. मी पल्लवीला धरून रस्त्यावरच बसले आणि ओक्साबोक्शी रडले.

संध्याकाळी रफिकभाईंनी सगळ्या फाईली परत उघडल्या. मीही उघडल्या. रेघ एकाही फाईलीत नव्हती. सॉफ्टवेअरवाल्यांनी कृपा करून मला इथं एक्सपोर्ट सेटिंग शिकवू नये. मी सगळं तपासलंय.

ताई दुसऱ्या दिवशी आली. पोरीला कवटाळून झालं, पोटभर रडून झालं. मग मी तिला रेघेचं सांगितलं, कुणी हसलं तरी चालेल म्हणून. ताई हसली नाही. माझा हात धरला आणि म्हणाली,

"संगे, मग आपल्या बंडूच्या वेळंला का न्हाई गं कुणी सांगितलं?"

बंडू आमचा धाकटा भाऊ. भूकंपात आमच्याच घराखाली गेला.